सीआरपी रक्तचाचणी : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात

सीआरपी रक्तचाचणी ही रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या प्रथिनाचे प्रमाण मोजणारी तपासणी आहे. जंतुसंसर्ग, इजा किंवा अन्य कारणाने शरीरात कोठेही दाह सुरू झाला की यकृत हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते आणि काही तासांतच रक्तातील त्याची पातळी चढते. दाह आहे की नाही, आणि असल्यास साधारण किती आहे, एवढे या चाचणीवरून कळते. तो शरीराच्या कोणत्या भागात आहे आणि कशामुळे आहे, हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत बालकांचे कुपोषण, पावसाळ्यातील ताप, क्षयरोग, रक्तक्षय आणि सिकलसेल हे विकार पुष्कळदा एकाच कुटुंबात, प्रसंगी एकाच रुग्णात आढळतात. त्यामुळे शहरातील सुदृढ प्रौढाच्या अहवालातील एखादा आकडा आणि येथील दीड वर्षाच्या कुपोषित मुलाच्या अहवालातील तोच आकडा यांचा अर्थ एकच असेल असे नाही.

नाव आणि शोध

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या संशोधकांनी 1930 मध्ये या प्रथिनाचे अस्तित्व प्रथम नोंदवले. न्यूमोकोकस या जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, त्याच जिवाणूपासून काढलेल्या ‘सी’ नामक शर्करायुक्त घटकात मिसळला असता साका तयार होतो, असे त्यांना आढळले. या ‘सी’ घटकाशी प्रतिक्रिया करणारे प्रथिन म्हणून त्याला पुढे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव मिळाले. नावातील ‘सी’चा ‘सी’ जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही. विद्यार्थ्यांचा येथे वारंवार गोंधळ होतो.

टिलेट व फ्रान्सिस यांच्या निरीक्षणातील दुसरा भाग आजही तितकाच महत्त्वाचा आहे. रुग्णाचा ताप उतरून तो बरा होऊ लागला की त्याच्या सीरममधील ही प्रतिक्रिया नाहीशी होत असे. एकाच वेळच्या आकड्यापेक्षा त्याचा चढउतार अधिक सांगतो, ही या चाचणीची मुख्य शिकवण तिच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

शरीरातील निर्मिती व कार्य

दाहाच्या जागी जमलेल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-6 हे संदेशवाहक द्रव्य सोडतात. ते रक्तावाटे यकृतात पोहोचले की तेथे सीआरपीची निर्मिती वेगाने वाढते. सीआरपीचा रेणू पाच सारख्या घटकांच्या कड्याचा असतो. जिवाणूंच्या पृष्ठभागावरील आणि इजा झालेल्या पेशींवरील फॉस्फोकोलिन या द्रव्याला तो चिकटतो आणि ते लक्ष्य नष्ट करण्याच्या कामी शरीराच्या संरक्षण यंत्रणेला मदत करतो.

दाहाचे कारण घडल्यानंतर चार ते सहा तासांत पातळी वाढू लागते, सुमारे दर आठ तासांनी दुप्पट होते आणि साधारणतः 36 ते 50 तासांत शिखर गाठते. रक्तातील सीआरपीचा अर्धायुकाल सुमारे 19 तासांचा असतो व तो आजारपणातही फारसा बदलत नाही. म्हणजे पातळी 160 मिलिग्रॅम प्रति लिटर असताना दाहाचे कारण पूर्णपणे थांबले, तर गणिताने 19 तासांनी 80, 38 तासांनी 40 आणि 57 तासांनी 20 उरावे. प्रत्यक्षात कारण एकाएकी थांबत नसल्याने उतार याहून मंद असतो. तरीही योग्य उपचार सुरू होऊन दोन-तीन दिवस लोटल्यावर आकडा स्पष्टपणे खाली येणे अपेक्षित असते. तो तसाच राहिला किंवा चढला, तर निदान, औषध किंवा दोन्ही पुन्हा तपासावी लागतात.

या कालक्रमाचा एक व्यावहारिक परिणाम होतो. सकाळी अंगात कणकण भरलेल्या रुग्णाचे रक्त तासाभरातच काढले, तर सीआरपी सामान्य येऊ शकते आणि त्यावरून आजार किरकोळ ठरत नाही. नमुना पाड्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला असेल आणि अहवाल एक-दोन दिवसांनी हाती आला असेल, तर त्यातील आकडा रक्त काढले त्या वेळचा असतो, अहवाल वाचला त्या वेळचा नव्हे. म्हणून अहवालावरील छपाईच्या तारखेपेक्षा नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ पाहणे अधिक आवश्यक आहे.

चाचणीच्या पद्धती

या चाचणीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. शिरेतून थोडे रक्त घेऊन त्यातील सीरम वेगळा केला जातो. मोठ्या प्रयोगशाळांत यंत्राच्या साहाय्याने द्रावणाची गढूळता मोजून नेमका आकडा काढतात. लहान प्रयोगशाळांत मात्र अद्यापही लॅटेक्स स्लाइड पद्धत प्रचलित आहे. तिच्यात काचपट्टीवर किंवा कार्डावर सीरमचा एक थेंब आणि प्रतिद्रव्य लावलेल्या सूक्ष्म लॅटेक्स कणांचा एक थेंब मिसळतात. दोन मिनिटांच्या आत गुठळ्या दिसल्या तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. प्रत्यक्ष चाचणीला विजेवर चालणारे यंत्र लागत नाही, हा तिचा दुर्गम भागातील मोठा फायदा आहे.

स्लाइड पद्धतीचा अहवाल वाचताना तिच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. प्रचलित संचांत सुमारे 6 मिलिग्रॅम प्रति लिटरपासून पुढे गुठळ्या दिसतात. सीरम दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत शेवटच्या कोणत्या पायरीपर्यंत गुठळ्या दिसतात ते पाहून त्या पटीला सहाने गुणतात. त्यामुळे या पद्धतीचे आकडे 6, 12, 24, 48, 96 असे पायऱ्यांनीच चढतात. पहिल्या दिवशी 24 आणि तिसऱ्या दिवशी 48 आले, तर वाढ खरोखर दुप्पट असेलच असे नाही, कारण हा फरक केवळ एका पायरीचा आहे. तसेच सीआरपी फारच जास्त असेल तर न पातळ केलेल्या सीरममध्ये गुठळ्या न दिसण्याचीही शक्यता असते. रुग्ण अत्यवस्थ दिसत असून स्लाइड निगेटिव्ह आली, तर सीरम पातळ करून चाचणी पुन्हा करणे इष्ट असते. एका वेळी स्लाइडवर आणि दुसऱ्या वेळी यंत्रावर केलेल्या तपासणीची थेट तुलना करू नये.

एककांचा घोटाळा

सीआरपीचे अहवाल दोन एककांत येतात : मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर असल्याने 4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे 40 मिलिग्रॅम प्रति लिटर. एका प्रयोगशाळेचा ‘4’ आणि दुसरीचा ‘40’ हे एकच प्रमाण असू शकते. केवळ आकडा तोंडी सांगितला किंवा केसपेपरवर एककाशिवाय उतरवला, तर बरा होत चाललेला रुग्ण बिघडल्यासारखा भासतो. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे बिघडलेला रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो. संधिवाती तापाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या जोन्स निकषांत सीआरपीची मर्यादा 3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी दिलेली आहे. ती प्रति लिटर समजली तर थोडीशी सर्दी झालेले मूलही त्या निकषात बसेल. या लेखात यापुढील सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत.

आकड्यांचा सर्वसाधारण अर्थ

निरोगी प्रौढांपैकी बहुतेकांची सीआरपी 3 पेक्षा कमी असते. अनेक प्रयोगशाळा 5 किंवा 10 ही वरची मर्यादा छापतात. लठ्ठपणा, धूम्रपान, गर्भारपण किंवा हिरड्यांचा जुना विकार यांमुळे पातळी थोडी वाढलेली राहू शकते. 10 ते 40 या पट्ट्यात सौम्य जिवाणुसंसर्ग, बहुतेक विषाणुजन्य ताप आणि कित्येक दीर्घकालीन विकार एकमेकांत मिसळतात. 100 च्या पुढचा आकडा गंभीर जिवाणुसंसर्गाची शंका बळकट करतो. मात्र मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, अपघात, स्वादुपिंडाचा दाह आणि हिवताप यांतही तो येतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत सीआरपी चढणे स्वाभाविक असते. त्यानंतर ती उतरली नाही तर जखमेत किंवा आत संसर्ग झाला आहे का, हे शोधतात.

काही परिस्थितींत आजार असूनही सीआरपी वाढत नाही. यकृत निकामी होत असेल तर प्रथिन तयारच होत नाही. ल्युपस या विकारात दाह चालू असूनही ती पुष्कळदा कमी राहते. इंटरल्यूकिन-6 ला रोखणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांतही ती दबलेली असते.

कुपोषित बालकांतील अर्थ

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात या चाचणीविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे येते. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात झालेल्या बालमृत्यूंमुळे हा परिसर राज्यभर चर्चेत आला. तेव्हा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. कुपोषणाचा प्रश्न मात्र जिल्हा बदलल्याने बदलला नाही.

तीव्र कुपोषित बालकाच्या शरीराची संसर्गाला तोंड देण्याची रीत वेगळी असते. ताप येण्यासाठी, पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी आणि यकृतात नवी प्रथिने घडवण्यासाठी लागणारी सामग्रीच अपुरी असते. अशा मुलाला न्यूमोनिया किंवा रक्तातील जंतुसंसर्ग झाला तरी अंग तापत नाही, उलट गार पडते. रक्तातील साखर घसरते. मूल रडतही नाही, केवळ निपचित पडून राहते. त्याची सीआरपी अपेक्षेइतकी वाढेलच, याची खात्री देता येत नाही. ‘सीआरपी नॉर्मल’ हा शेरा सुदृढ मुलाच्या बाबतीत काहीसा दिलासा देणारा असला, तरी तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणे घातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार गुंतागुंत असलेल्या तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात दाखल करून संसर्गाची लक्षणे दिसोत वा न दिसोत, प्रतिजैविके सुरू केली जातात. त्यासाठी सीआरपीच्या अहवालाची वाट पाहिली जात नाही.

म्हणून पाड्यावरील आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका ज्या खुणा पाहते, त्यांचे महत्त्व प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा कमी मानता येत नाही. मूल दूध किंवा पाणी घेत नाही, घेतलेले सर्व उलटून टाकते, झटके येतात, गुंगीत आहे किंवा जागे होत नाही, यांपैकी एकही खूण दिसली तर मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. श्वासही मिनिटभर मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास ही धोक्याची पातळी मानतात. दंडघेराची पट्टी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ ही साधने येथे सीआरपीच्या आधी कामाला येतात.

कुपोषणाच्या सर्वेक्षणांत सीआरपीचा वेगळाच उपयोग होतो. शरीरातील लोहाचा साठा मोजण्यासाठी रक्तातील फेरिटिन तपासतात. परंतु दाह असताना फेरिटिनही वाढते, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. याउलट ‘अ’ जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी दाहामुळे घसरते आणि कमतरता आहे त्याहून मोठी भासते. सीआरपी सोबत मोजली की या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा ते ठरवता येते. भारतात 2016 ते 2018 या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात म्हणूनच सीआरपीही मोजण्यात आली आणि लोहाच्या कमतरतेचा हिशेब करताना 5 पेक्षा अधिक सीआरपी असलेली मुले बाजूला ठेवण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मर्यादाही याच विचारावर आधारलेल्या आहेत. पाच वर्षांखालील निरोगी बालकात फेरिटिन 12 मायक्रोग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल तर लोह कमी मानतात. दाह असेल तर ही मर्यादा 30 धरतात.

पावसाळी ताप आणि हिवताप

आवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहणाऱ्या माणसाला ताप आला, तर हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर, न्यूमोनिया अशा अनेक शक्यता समोर असतात. यांपैकी बहुतेकांत सीआरपी कमीअधिक वाढते. सर्वांत फसवा हिवताप आहे. तो परजीवीमुळे होतो, जिवाणूमुळे नव्हे. तरीही फाल्सिपेरम प्रकारात सीआरपी 100 च्या पुढे जाणे असामान्य नाही. तो आकडा पाहून केवळ प्रतिजैविक दिले आणि रक्ताची काचपट्टी किंवा हिवतापाची झटपट चाचणी केलीच नाही, तर खरा आजार उपचाराविना राहतो. जेथे हिवताप आढळतो, तेथे तापाच्या रुग्णाची हिवतापाची चाचणी सीआरपीच्या आधी होणे योग्य असते.

दुसऱ्या बाजूला प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळण्यासाठीही सीआरपी वापरता येते. बोटाला टोचून काही मिनिटांत निष्कर्ष देणारी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. व्हिएतनाममधील प्राथमिक आरोग्य केंद्रांत खोकला-तापाच्या रुग्णांवर अशी चाचणी करून झालेल्या अभ्यासात प्रतिजैविके लिहून देण्याचे प्रमाण घटल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अशा अभ्यासांतील मर्यादा तीव्र कुपोषित बालकांना लावता येत नाहीत.

क्षयरोग

क्षयरोगात सीआरपी सहसा वाढलेली असते, पण तिच्यावरून क्षयाचे निदान होत नाही. त्यासाठी थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील किंवा जनुकीय तपासणीच करावी लागते. एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये क्षयाची शंका घेण्यासाठीची चाळणी म्हणून सीआरपी वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. त्यासाठी 5 ही मर्यादा धरली आहे. आठवडेच्या आठवडे खोकला, वजनातील घट आणि वाढलेली सीआरपी एवढ्यावरून औषधांच्या गोळ्या बदलत राहण्यापेक्षा थुंकीचा एक डबा लवकर पाठवणे रुग्णाच्या अधिक हिताचे असते.

ईएसआर, रक्तक्षय आणि सिकलसेल

सीआरपीचा प्रसार होण्यापूर्वी दाहाचा अंदाज ईएसआरवरून, म्हणजे उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात त्यावरून, घेत असत. आजही लहान दवाखान्यांत ती तपासणी सर्रास होते. या परिसरात मात्र तिच्यात दोन परस्परविरुद्ध चुका शिरतात. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीच्या पेशी लवकर खाली बसतात, त्यामुळे दाह नसतानाही ईएसआर वाढलेला दिसतो. सिकलसेलच्या रुग्णात विळ्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे दाह असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. एकाच पाड्यावरील दोन रुग्णांना एकच चाचणी उलटसुलट दिशांना नेते. सीआरपीवर तांबड्या पेशींच्या आकाराचा किंवा संख्येचा असा परिणाम होत नाही, म्हणून येथे ती ईएसआरपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

तरी सिकलसेलमध्येही सीआरपीचा अर्थ सरळ नसतो. हा आनुवंशिक विकार महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. या रुग्णांची सीआरपी बऱ्या दिवसांतही किंचित वाढलेली असू शकते. वेदनेचा झटका आला की ती संसर्गाशिवायही चढते आणि संसर्ग झाल्यास आणखी चढते. या पातळ्या एकमेकींत मिसळत असल्याने झटका आणि संसर्ग यांतील भेद केवळ सीआरपीवर करता येत नाही. रुग्ण ठीक असतानाची एखादी नोंद जवळ असेल, तर आजारपणातील आकडा तिच्याशी ताडून पाहता येतो. सिकलसेलच्या मुलाला ताप येणे ही तातडीची बाब असते, कारण प्लीहा निकामी झाल्याने न्यूमोकोकससारखे जिवाणू त्याला फार लवकर गाठतात.

नवजात शिशू

नवजात बालकाच्या रक्तातील जंतुसंसर्गाची शंका असताना सीआरपी वारंवार तपासली जाते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः कष्टाच्या बाळंतपणानंतर, ती संसर्गाविनाही थोडी वाढते. उलट खऱ्या संसर्गाच्या आरंभी ती सामान्य असू शकते. त्यामुळे जन्मल्या-जन्मल्या केलेल्या एका चाचणीवरून निर्णय घेत नाहीत. 24 ते 48 तासांच्या कालावधीत ती पुन्हा करतात. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सीआरपीची वाढ कमी असू शकते, हेही लक्षात घ्यावे लागते.

हृदयविकारासाठीची सूक्ष्म चाचणी

अहवालावर ‘एचएस-सीआरपी’ असे लिहिले असेल, तर प्रथिन तेच, पण मोजण्याची पद्धत अधिक सूक्ष्म असते. तिचा उपयोग हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज घेण्यासाठी करतात : 1 पेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, 1 ते 3 मध्यम आणि 3 पेक्षा अधिक म्हणजे जास्त. हे आकडे तापाच्या रुग्णाला लागू होत नाहीत. ताप असताना केलेल्या तपासणीत 30 आले म्हणून हृदयविकाराची धास्ती घेण्याचे कारण नसते. 10 पेक्षा अधिक आकडा आल्यास आधी संसर्ग शोधतात आणि तो गेल्यावर चाचणी पुन्हा करतात. कोविड-19 च्या साथीत सीआरपी हे नाव घरोघरी पोहोचले. त्या काळात मध्यम व तीव्र आजाराच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी ती दर दोन-तीन दिवसांनी मोजत असत. लक्षणे नसलेल्या माणसाने हौसेने करून घेण्याची ही तपासणी तेव्हाही नव्हती.

रुग्ण पुढे पाठवताना

जव्हारचे कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय ही या भागातील प्रमुख सरकारी रुग्णालये आहेत. अधिक उपचारांची गरज असलेले रुग्ण पुष्कळदा मोखाडा-त्र्यंबकेश्वर मार्गे नाशिकला जातात. घाटरस्त्याच्या या प्रवासानंतर तेथील डॉक्टरांना पहिली सीआरपी कळली नाही, तर त्यांनी केलेली दुसरी चाचणी एकटी पडते आणि आजार चढतो आहे की उतरतो आहे, हे ठरत नाही. भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामाला जाणाऱ्या कुटुंबांत ही अडचण अधिक येते. मूल भिवंडी-वसईकडे आजारी पडते, तेथे एक तपासणी होते, आणि गावी परतल्यावर दुसरी. जुना कागद तोवर झोपडीतच राहिलेला असतो. पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर सीआरपीचा आकडा, त्याचे एकक, स्लाइड की यंत्र ही पद्धत, नमुना घेतल्याची तारीख व वेळ, तापाचा कितवा दिवस आणि त्याआधी दिलेली प्रतिजैविके एवढ्या गोष्टी लिहिल्या असल्या, तर दुसऱ्या रुग्णालयात पहिल्या आकड्याचा उपयोग होऊ शकतो. मूल अगदी लहान असेल, तर त्याचे वजन आणि दंडघेरही त्याच चिठ्ठीवर असावा लागतो.